शून्य धरलेला आडवा संवेग

मी ओफेलिया बारागिओला, वय एकोणऐंशी, निवृत्त प्राध्यापिका, मुक्काम बारिलोचे, हे सर्व स्वतःच्या हाताने, कोणाच्या दबावाविना लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. स्वभावाचा कोणीच दिला नसता.

१. तळ्याकाठचे घर भाची ग्रासिएला हिला. छप्पर दक्षिणेकडून गळते, हे तिला ठाऊक आहे.

२. कुदळ शेजारच्या अनिबालला. नाहीतरी सहा वर्षे ती त्याच्याकडेच आहे.

३. माझे नाव झाले ते एका निबंधामुळे. विश्वाच्या पोटात जे चालते ते त्याच्या काठावरच्या खुणांतून पूर्ण वाचता येते, आणि काळ व जागा यांची मापे जिथे सारखी ताणली जात नाहीत अशा विश्वातही हे जमते, असे मी त्यात लिहिले. माझा विद्यार्थी एलिसेओ पायनेफिल याने शुक्रवारच्या बैठकीत फळ्यावर दाखवले की अशा विश्वात तिरपा निघालेला किरण काठाला पोचतच नाही, आतूनच माघारी वळतो. काठावर त्याची खूण उरते ती नसल्यातच जमा.

"बाई, तुम्ही आडवा संवेग शून्य धरलाय, म्हणजे फक्त सरळ जाणारे किरण मोजलेत," तो म्हणाला.

"सोयीसाठी धरलाय. आणि तुझा किरण तुझ्यावरच गेलाय रे, दारापर्यंत येऊन घाबरणारा."

सगळे हसले. आमच्याकडे माटे, म्हणजे पाल्याचा कडू चहा, पोकळ भोपळ्यातून आळीपाळीने पितात; तो भोपळा फिरत त्याच्याकडे आला. तो प्यायला आणि आभार मानून त्याने भोपळा मला परत दिला. आमच्याकडे आभार मानणाऱ्याला पुन्हा भरून देत नाहीत. एलिसेओ पुन्हा संस्थेत आला नाही. हल्ली एल बोल्सोनच्या शाळेत गणित शिकवतो.

तीन वर्षांनी मी गणित पुन्हा मांडले. सोयीसाठी शून्य धरलेली राशी परत घालायला मी विसरले होते. हे मी सोळा वर्षे कोणाला सांगितले नाही. मला लाज वाटत होती, अजून वाटते. माझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळले नाही.

४. सबब, तो निष्कर्ष मी मागे घेते. एलिसेओ बरोबर होता. हे कलम संस्थेच्या फलकावर लावावे.

५. माझा माटेचा भोपळा एलिसेओला. ग्रासिएलाने तो भरूनच त्याच्या हाती द्यावा. मुकाट्याने परत दिला तर पुन्हा भरावा. आभार मानले तर आग्रह करू नये.

हस्तलिखित मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. तरी पुढील दोघांनी सही करावी, कारण त्या शुक्रवारी तेही हसले होते.

साक्षीदार: तेओदोरा वीट, बाउतिस्ता कास्को
सही: ओफेलिया बारागिओला
बारिलोचे, १४ मे २०२३