साहेबांचे मासे, आमचे पाणी

१ मार्च १९४६, शुक्रवार
आज मेजरसाहेब तीन आठवड्यांच्या रजेवर गेले. जाताना बंगल्यावरची काचेची पेटी आणि आतले अठरा मासे माझ्या घरी पाठवून माझ्या हवाली केले. ऑस्ट्रेलियातून बोटीने आणलेले. नाव रेनबो. जाती तीन: तांबड्या शेपटीचे, पट्टेवाले आणि चिमुकले पिवळे. लढाई संपली, आता आमच्या लष्करी डेपोत कारकुनांची छाटणी होणार. यादी साहेब परत आल्यावर करणार. चौदा कारकुनांत मासे दिले मला! याचा अर्थ न कळायला मी खुळा नाही. नोकरी पक्की. बहुधा हेडक्लार्क.

३ मार्च
साहेबांच्या चिठ्ठीत आहे: सगळे एकत्र ठेवा, विहिरीचे साधे पाणी घाला. साध्या पाण्याने काय इंप्रेशन पडणार? तांब्याचा हंडा चिंचेने लखलखीत घासून घेतला. पाणी रात्रभर त्यात, सकाळी सोवळ्यात पेटीत. हेच पाणी पिऊन आमचे आजोबा ब्याण्णव वर्षे जगले.

५ मार्च, सकाळी ६
दोन पिवळे तरंगताना सापडले. कारण उघड आहे. पट्टेवाले त्यांच्याकडे फार रोखून बघतात. तीन जाती एका पाण्यात कोंबल्यावर दुसरे काय होणार? भांडी घासायला येणारी छबूबाई म्हणाली, "मालक, तांब्याचं पानी मासळीला बाधतं. आमच्या म्हायेरी, नेवाशाला, नदीकाठी पोरासोरांना बी ठावं हाय." अक्षरओळख नाही, पण बोलायला पुढे.

७ मार्च
पेटीत दोन काचा उभ्या करून तीन आळ्या पाडल्या. काचा माझ्या सासऱ्यांच्या आणि सासूबाईंच्या तसबिरींच्या. ही रडली. मी म्हटले, फोटो आहेत ना जागेवर? आता पाणी दिवसातून दोनदा बदलणार. हंडे वाहून कंबर धरली, असे ही म्हणते. मी नोकरी वाचवतोय ती कोणासाठी?

९ मार्च
आणखी चार गेले. प्रत्येक आळीतले. म्हणजे काचेतून बघाबघी चालूच आहे. तांबड्या शेपटीचे तीन खानदानी वाटले, त्यांना तांब्याच्या घंगाळात स्वतंत्र बिऱ्हाड करून दिले.
संध्याकाळी: घंगाळात तिघेही आहेत. पण उलटे.

१२ मार्च
आणखी तीन गेले. सहा उरले, प्रत्येक जातीचे दोन. सगळे कलंडलेले. छबूबाईला उकिरड्यावर टाकून यायला सांगितले. अर्धमेला जीव मला बघवत नाही. मी मुळात हळवा माणूस.

१५ मार्च
छबूबाईने आज कबूल केले की मासे टाकलेच नाहीत. केडगावला आपल्या घरी नेऊन माठात सोडले. "सहाच्या सहा जित्ती हायेत, मालक. एकाच माठात, कोन कोनाला चावत न्हाई. घिऊन यिऊ का?" म्हणजे सरळसरळ चोरी. शिवाय तिच्या घरचे पाणी प्यालेले मासे माझ्या सोवळ्याच्या पेटीत घ्यायचे कसे? उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. नवरा नाही, पदरी दोन पोरी, तीन वर्षे आमची भांडी घासली. वाईट वाटले. पण शिस्त ती शिस्त. ती नुसती "बरं" म्हणाली. रडली असती तर मी कदाचित विचार केला असता.

१९ मार्च
ही भांडी घासते आणि माझ्याशी बोलत नाही. शांततेचा फायदा घेऊन चार पानी रिपोर्ट टाइप केला. मृत्यूचे कारण: मिश्र वस्ती. उपाय: तीन स्वतंत्र पेट्या. साहेबांना मासे गेल्याचे दुःख होईल, पण असा कारकून मिळाल्याचे समाधानही होईल.

२२ मार्च
साहेब आमच्या घरी आले. रिकामी पेटी बघितली, रिपोर्ट वाचला. चारही पाने. मी अभिनंदनाची वाट बघत होतो. तेवढ्यात हिने दाराआडून तोंड घातले: सहा जिवंत आहेत, छबूबाईकडे. साहेबांना एवढे मराठी कळते हे मला ठाऊक नव्हते.
जीपमधून केडगावला. साहेब छबूबाईच्या दारात जमिनीवर बसले आणि माठात बघत राहिले. तिन्ही जातींचे मासे एकमेकांना घासून फिरत होते, कसलाही विधिनिषेध नाही. साहेबांनी विचारले, बाकीचे कशाने मेले? छबूबाई म्हणाली, "मालकांना म्या सांगितलं हुतं, पर त्यास्नी तांब्याचंच पानी पायजे हुतं." दुभाषा मी. मी भाषांतर केले की ती म्हणते, ईश्वरेच्छा. साहेबांनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "कॉपर." मी यस सर म्हटले.

२३ मार्च
छाटणीची यादी टाइप करायला माझ्याकडेच आली, यावरून विश्वास कायम आहे हे दिसते. पहिले नाव माझे.
मग दोन सर्टिफिकिटे टाइप केली. एक छबूबाईचे: प्रामाणिक, समजूतदार, जीव लावणारी, साहेबांच्या पुण्याच्या नव्या बंगल्यावर माशांच्या देखभालीला नेमणूक, दोन्ही मुलींसह. अर्धे पान झाले. दुसरे माझे: हा इसम टाइपिंग स्वच्छ करतो. एवढेच.
दोन्हींत मिळून स्पेलिंगची एकही चूक नाही. साहेबसुद्धा बघून गुड म्हणाले.