साइटवरची माणसं आटली तेव्हा

प्रिय बाळा,

परवा फोनवर "मी बरी आहे" म्हणाले, ते काही खरं नव्हतं. महिन्यापूर्वी एका मंगळवारी अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी चालवते त्या आपल्या वेबसाइटवर येणारी माणसं एकाएकी आटली. रोज नऊशेच्या घरात असायची, त्या दिवशी जेमतेम साठ. तू हसशील, पण तू गेल्यापासून सकाळी चहा घेताना तो आकडा बघितला की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. कुठलीशी आई 'मुलगा बोलताना अडखळतो, काय करू' असं शोधायची आणि माझ्या दारात यायची. ते दार कुणी वाजवेनासं झालं.

तुझे बाबा असते तर म्हणाले असते, आधी मीटर तपास, मग विजेला दोष दे. म्हणून पहिल्यांदा मोजणी तर बिघडली नाही ना, ते पाहिलं. ठीक होती. मग गेल्या वर्षीचे तेच दिवस काढले, म्हटलं शाळांना सुट्टी असेल. तेही नव्हतं. शोधयंत्राने नियम बदलले की सगळ्यांनाच फटका बसतो म्हणे. तू ज्यांच्याकडे बोलायला शिकायला जायचास त्या बाईंना विचारलं, तर त्यांची साइट जोरात चाललेली. शेवटी धान्य निवडावं तसं एकेक पान निवडायला बसले. बोलण्याच्या व्यायामांच्या पानांवर माणसं पूर्वीसारखीच येत होती. ओस पडली होती ती फक्त मी लिहिलेल्या तुझ्या गोष्टींची. पाचवीत स्वतःचं नाव सांगताना अडलास ती, दुकानातून काही न मागताच परत आलास ती, फोन वाजला की न्हाणीघरात लपायचास ती. एकूण चौदा. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये 'शोधात दाखवू नका' यावर खूण. चुकून एका पानाला लागेल, चौदांना कशी लागेल? कुणी केली याची नोंद शेजारीच होती. साइट उभी करून दिलीस तेव्हाचं तुझं खातं.

खोटं कशाला बोलू, फार राग आला. तुला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. मग लोक काय शोधत आले ती यादी उघडली. इतकी वर्षं मी वरच्या दहा ओळीच बघायचे. या वेळी तळापर्यंत गेले. तिथे तुझं पूर्ण नाव होतं. नव्या नोकरीवर रुजू झालास त्या आठवड्यापासून तेवीस वेळा. तिथलंच कुणीतरी तुला शोधत त्या गोष्टींपाशी पोचत होतं. मी तुझं नाव कुठे झाकलं होतं? गणवेशातला फोटोसुद्धा लावला होता.

मागच्या भेटीत तू विचारलंस, "आई, ती जुनी पानं अजून शोधात येतात का गं?" मी अभिमानाने आकडे ऐकवत बसले. तू मान हलवलीस आणि ताट उचलून ठेवलंस. तुला बोलता आलं नाही असं नाही रे, मलाच ऐकू आलं नाही.

काल ती चौदाही पानं मी कायमची पुसली. सकाळ आता फार लांबते, पण होईल सवय. हे पत्र जाब विचारायला नाही, माफी मागायला लिहिलंय. फोनवर तू अडलास की उरलेलं वाक्य मी अजूनही पुरं करून टाकते. फोनवर माफी मागितली असती, तर तुझं "जाऊ दे गं आई" हेही मीच म्हणून मोकळी झाले असते. या वेळी तुला जे म्हणायचंय ते तूच म्हण. कितीही वेळ लागू दे, मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
आई