दर चार तासांनी

३ मार्च
आज कामावर रुजू झालो. शेवटच्या आजारातल्या माणसांचं हे शुश्रूषागृह स्वच्छ, हवेशीर आहे. राहायला मागची खोली मिळाली. हिला जाऊन वर्ष झालं, त्यानंतर आज प्रथमच पोटभर जेवलो. मोठ्या सिस्टरांनी हसत सांगितलं, की इथे कोणी बरं होत नाही, पण बरं वाटून जातं. तेवढं जमलं तरी खूप.

४ मार्च
फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट माझ्याकडे दिले. धाप लागली की आडवं निजवायचं नाही. पुढ्यात टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवायचे. छोटा पंखा थेट चेहऱ्यावर. मॉर्फिनचं पातळ औषध दर चार तासांनी, त्रासाची वाट न बघता. सवय लागत नाही का, असं मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, याच भीतीपायी कित्येक डॉक्टरांनी माणसं तडफडत ठेवली.

५ मार्च
सात नंबरला नवा पेशंट आला. हिचा डॉक्टर. हिलाही हाच आजार होता. मॉर्फिन द्या म्हणून मी त्याच्या पाया पडलो होतो. सवय लागेल, म्हणाला. सहा दिवस ती धापा टाकत होती. त्याने मला ओळखलं नाही. थट्टेखोर आहे. म्हणाला, तुमचं तोंड बघून वाटतं, पेशंट तुम्हीच.

७ मार्च
त्याचं औषध मोरीत ओतलं, बाटलीत साखरेचं पाणी भरलं. पंखा भिंतीकडे वळवला. दुपारभर तो तोंड वासून हवा शोधत होता. मी खुर्ची ओढून बघत बसलो. सिस्टरांनी मात्रा वाढवली. मी पाणी वाढवलं.

९ मार्च
सकाळी पंखा त्याच्या चेहऱ्याकडे होता. तो शांत. म्हणाला, नव्या बाई फार मायेने औषध पाजतात. इथे नव्या बाई कोणी नाहीत.
जिना चढताना मला धाप लागली.

१० मार्च
त्या बाईंच्या हनुवटीवर तीळ आहे म्हणतो. हिच्या होता. पंखा पुन्हा वळवला — तो मजेत. दम मलाच —

१२ मार्च
आज त्याने थट्टा केली नाही. बाईंनी सांगितलंय म्हणे, औषध दिलं नाही हा त्याचा गुन्हा, पण शेवटच्या दुपारी तिचा हात धरून तोच बसला होता. नवरा व्हरांड्यात निघून गेला. ती हाका मारत होती. आता नवऱ्याची पाळी, म्हणाल्या.
मला बघवत नव्हतं. एवढंच. बघवत नव्हतं —

१३ मार्च
उशीवर हात टेकून लिहितोय. घंटी दाबली, कोणी नाही — दाराच्या काचेतून दिसते. व्हरांड्यात. पाठमोरी. हाक ऐकू जाते तिला, मान हलली — आत ये. आत ये गं. एकदाच हात —