फाटकावर राहिलेला निरोप

प्रिय पप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा लिहायला हात धजला नाही. पण काल जामखेडचे बाबूकाका घरी आले, आणि आज तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

रॉकेट तळावर तुमच्या जोडीला होते तेच बाबूकाका. माळावरचा तो तळ आता बंद झालाय. तारा निघाल्या, शेड पाडल्या, आत शेळ्या चरतात. पूर्वी लाल निशाण लागलं की तिकडं कुणी फिरकायचं नाही. आवाज झाला की आपल्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. शाळेत बाई विचारायच्या, वडील काय करतात? मी म्हणायचे, गोदामात आहेत. तुम्हीच तसं शिकवलं होतंत.

माझ्या पाठचा आपला सनी गेला तेव्हाही तुम्ही आतच होता. एवढंसं पोर, तापानं फणफणलेलं. आईनं फाटकावर निरोप धाडला. तुम्ही आलात ते त्याला माती दिल्यावर. आईनं एवढंच विचारलं, "निरोप मिळाला नव्हता?" तुम्ही मान खाली घातलीत. त्या दिवसापासून ती तुमच्याशी कामापुरतंच बोलली. एका घरात, एवढी वर्षं! कसं सोसलंत हो?

काका म्हणाले, "निरोप फाटकावरच दाबून ठेवला हुता, पोरी. रॉकेट उडेस्तवर त्याला कुनी सांगितलंच न्हाई. कळलं तसा पायीच पळत सुटला."

आतलं बाहेर बोलायचं नाही, अशी तुमची शपथ होती म्हणे. पण पप्पा, ही गोष्ट आतली कशी? ती आपल्या सनीची होती. आईला एक शब्द तरी सांगायचात.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. काकांना चहा दिला, त्यांना वाटेला लावलं आणि तुमच्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "शेवटचं पाणीसुद्धा मी तुझ्या हातनं पाजलं गं त्यांना." मी तिच्या शेजारी बसले.

रविवारी चर्च सुटलं की तिला तुमच्या कबरीवर आणते. मी लांब, लिंबाखाली थांबेन. तिला काय बोलायचंय ते बोलू दे. कितीही वेळ लागो, मी हाक मारणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
शीला