माझ्या दुसऱ्या मातीची तजवीज

मी, जगदेव संपत काळबांडे, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार अनसिंग, तालुका व जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ओसरीवर बसून, दिवसाढवळ्या लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब टाकता येईल इतक्या जवळ कोणी येऊन बसतच नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला असून उजव्याचा पिकतो आहे, तेव्हा ओळी वाकड्या आल्यास बुद्धी वाकडी असा अर्थ लावू नये. बुद्धी आधीपासूनच वाकडी आहे, हे माझी पत्नी शपथेवर सांगेल.

लिहिण्यास कारण की, यंदाच्या अठरा फेब्रुवारीला, मंगळवारी, मी एकदा मेलो. सकाळी सव्वादहा ते दुपारी साडेबारा. तेवढ्या वेळात माझ्यामागे कोण काय बोलले हे मला समजले. ही सोय सहसा कोणाला मिळत नाही. मला मिळाली, म्हणून तिचा उपयोग करून पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मेलो कसा ते आधी नोंदवतो. घरून निघताना लोक "येतो" म्हणतात. मी जन्मभर "जातो" म्हणत आलो. "येतो" म्हणून गेलेली कितीतरी माणसे परत आली नाहीत, तेव्हा त्या शब्दात काही अर्थ नाही हे मला घरच्यांना पटवून द्यायचे असते. त्या दिवशी डोळा दाखवायला वाशीमला निघतानाही "जातो" म्हणालो आणि दवाखान्यात मोबाईल बंद केला. लखीराम हा आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. माझा फोन लागेना म्हणून त्याने घरच्या फोनवर फोन केला. तो तुळसाबाईने, म्हणजे माझ्या पत्नीने उचलला. तिला कमी ऐकू येते. झालेले बोलणे दोघांकडून वेगवेगळे विचारून घेतले आहे, ते असे:

"जगदेवभाऊ हायेत काय?"

"ते तं गेले नं सकाळीच."

"गेले? असे कसे अचानक?"

"अचानक कायचं, महिन्याभरापासून जातो जातो लावलंच होतं त्यायनं."

"लई त्रास झाला काय?"

"त्यायले कायचा त्रास? त्रास मले. आता जरा घर शांत हाये."

पाच मिनिटांत ग्रुपवर माझा हार घातलेला फोटो आला. सत्तावीस जणांनी हात जोडले. "अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व" असे चौघांनी लिहिले, त्यातल्या तिघांशी माझे बोलणे बंद आहे. अकरा वाजता लखीरामने मला ग्रुपमधून काढून टाकले. मेलेल्याचा नंबर ग्रुपवर ठेवायचा नाही असा नियम आहे आणि तो मीच सुचवला होता.

२. अनसिंग येथील राहते घर, ओसरी, न्हाणीघर व मागील विहीर तुळसाबाईने हयात असेपर्यंत वापरावी. तिला इथून कोणी हलवू नये. चार दिवसांसाठी म्हणूनही पुण्याला नेऊ नये. माझ्या मातीच्या दिवशी तिच्या बांगड्या कोणी फोडायच्या नाहीत. जी बाई पुढे होईल तिला घरातून चहासुद्धा मिळणार नाही.

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली. बायको बहिरी असली की संसार सुखाचा होतो, असे मी चारचौघांत म्हणत असे आणि लोक हसत. खरे असे आहे की तिचे कान चांगले होते तेव्हाच मी जास्त वाईट बोललो. हे तोंडाने सांगायचे तर ओरडावे लागेल आणि शेजारी ऐकतील, म्हणून इथे लिहिले.

३. माझा मुलगा विकास पुण्यास असतो. त्यालाही लखीरामनेच कळवले. त्यावर विकासने आईला फोन न करता घरच्या ग्रुपवर जे लिहिले ते शब्दशः उतरवतो: "बाबा गेले. आज मीटिंग सोडता येणार नाही, उद्या सकाळी निघतो. तोपर्यंत ठेवता येईल का? वाशीमला बर्फाची पेटी मिळते का कोणीतरी बघा."

मागच्या दिवाळीत मी त्याला विचारले होते की, डोळ्याच्या ऑपरेशनपुरते महिनाभर आम्हा दोघांना तुझ्याकडे ठेवता येईल का. जागा लहान पडते म्हणाला. जित्या बापाला ठेवायला जागा नव्हती आणि मेलेल्या बापाला ठेवायला साहेब पेटी शोधत होते. सबब, मला कोणी ठेवायचे नाही. प्राण गेल्यापासून सहा तासांत माती उरकावी. विकास पोचला तर ठीक. न पोचल्यास अग्नी मुलगी राखी हिने द्यावा, आणि कोणी काही बोलल्यास हा कागद दाखवावा. तुळसाबाईच्या पश्चात घर दोघांना निम्मे निम्मे. वाटणी अशी करावी की न्हाणीघर विकासकडे येईल.

४. राखी खरेच रडली, असे तिच्या सासूने सांगितले आणि ती बाई राखीच्या बाजूने कधी खोटे बोलत नाही. मात्र राखीने स्टेटसला लावलेला माझा फोटो एका बैलाशेजारचा होता. तिने बैल कापला, शेपूट राहून गेली. दिवसभर माझ्या खांद्यावरून शेपूट लोंबत होती आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तिला माझी सर्व पुस्तके, कपाट व खुर्ची द्यावी. एक बरा फोटोही द्यावा.

बैल खच्ची करायचा लोखंडी चिमटा, जो मी स्वखर्चाने घेतला असून सरकारी नव्हे, तो राखीच्या नवऱ्याला द्यावा. जावईबापू लग्नाकार्यात माझी ओळख "ढोरायचे कंपाउंडर" अशी करून देतात. चिमटा त्यांनी दिवाणखान्यात टांगावा. कसा वापरतात ते मला विचारायचे त्यांचे राहून गेले. मी करून दाखवले असते.

५. लखीरामला माझ्याकडील काहीही नाही. मी जिवंत निघालो तरी त्याने मला ग्रुपमध्ये परत घेतलेले नाही. विचारले तर म्हणाला, "भाऊ, आता श्रद्धांजली तं होऊन गेली तुमची."

६. निवृत्त माणसाला दोनच कामे उरतात. दुसऱ्यांच्या मातीला जाणे आणि आपल्या मातीला कोण येईल याचा अंदाज बांधणे. पहिले काम मी मन लावून केले. कोणाच्या मातीला किती माणूस होते, कोण रडले, कोण मोबाईल बघत होते, तेरवीला भाजी कशी होती, हे मी घरी येऊन तुळसाबाईला ओरडून सांगत असे. एकाच मातीला गेलो नाही, ते पुढे येईल.

७. नरेंद्र ग्यानबा पडघान, राहणार शेलूबाजार, सेवानिवृत्त व्रणोपचारक, म्हणजे ड्रेसर. आम्ही एकवीस वर्षे एका दवाखान्यात काढली. बैल पाडला की डोके नरेंद्र धरायचा, मागची बाजू माझी. तो बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहायचा आणि बैल गप पडायचा. शेतकरी म्हणायचे, साहेबांचा हात हलका आहे. माझा हात हलका नव्हता. लोकांसमोर तो मला साहेब म्हणायचा, एरवी जगदेव. निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा तो जीपने इकडे यायचा किंवा मी तिकडे जायचो. त्याच्याशिवाय मला करमत नाही. हे वाक्य कायद्याच्या कामाचे नाही, तरी राहू द्यावे.

तीस नोव्हेंबर दोन हजार तेवीस रोजी त्याची पत्नी रत्नमाला वारली. बँकेत हयातीचा दाखला देण्याची ती शेवटची तारीख होती. मी रांगेत उभा राहिलो. मी जिवंत आहे हे कारकुनाच्या गळी उतरेपर्यंत दुपार झाली. आता जाऊन काय उपयोग, असे म्हणून घरी आलो, जेवलो आणि झोपलो. तो दाखला महिनाभरात कोणत्याही दिवशी देता आला असता. नरेंद्र त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. येणे-जाणे चालू राहिले आणि मला वाटले, मिटले.

अठरा फेब्रुवारीला मी साडेबाराला घरी पोचलो, तोवर आलेल्या गावकऱ्यांना तुळसाबाईने शिव्या देऊन परत पाठवले होते. ग्रुपवर दुरुस्तीही गेली होती. पण नरेंद्रकडे साधा फोन आहे, आणि त्याच्या मुलाने बातमी सांगताच तो जीपमध्ये बसला होता. एकच्या सुमारास मला तो ओसरीवरून दिसला. पायात चप्पल नव्हती, हातात पांढऱ्या फुलांचा हार होता. मला गंमत सुचली. मी खाटेवर आडवा झालो आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

मेलेल्याला खाटेवर ठेवत नाहीत, खाली उतरवतात. घरात रडारड नव्हती, अंगणात माणूस नव्हते. यातले काही त्याच्या ध्यानात आले नाही. तो डोक्याकडे बसला, तोंड माझ्या कानाजवळ आणले आणि म्हणाला,

"जगदेव, रत्नमालाच्या मातीले तू आला नाई. ते मी मनात धरून ठेवलं होतं. तुयासंगं चा पेतानीबी धरूनच होतो. आज सोडलं. जाय तू आता."

मग तो रडला. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला तेव्हाच उठता आले असते, पण तो अजून काय बोलतो याची वाट बघत मी पडून राहिलो. शेवटी चादर काढून उठून बसलो, हसलो आणि म्हणालो, "सोडलंच हायेस तं चा पेऊन जाय."

नरेंद्र दचकला नाही, ओरडला नाही. हार खाटेच्या खुराला अडकवला. "जे सोडलं होतं ते वापस घेतलं," म्हणाला. "आन तुया मातीले मी येऊन गेलो, जगदेव. दुसऱ्यांदा येणार नाई."

आज त्याला पन्नास दिवस झाले. तो फोन उचलत नाही. माफी मागितली काय, असे शेजारी हेमसिंगने विचारले. गंमत होती, असे मी त्याला सांगितले. मातीला अख्खे गाव आले आणि नरेंद्र आला नाही तर ती माती मला नको आहे.

सबब, घरामागील तीन गुंठे मोकळी जागा, निंबाच्या झाडासह, नरेंद्र ग्यानबा पडघान यास देतो. अट एकच: त्याने माझ्या मातीला हजर राहून डोक्याकडच्या बाजूने खांदा द्यावा. फाटकापर्यंत येऊन परत गेल्यास जागा मिळणार नाही. हे कलम त्याच्या मुलांना आजच कळवावे, म्हणजे वेळ येईल तेव्हा ती पोरे त्याला गाडीत घालून आणतील. हे लालूच आहे असे कोणी म्हणेल. आहेच. बैलालाही आधी ढेप दाखवूनच जवळ बोलावतात.

८. हे कलम वरील मजकुरानंतर, आजच, दुपारी तीनच्या सुमारास लिहीत आहे. साक्षीदार दोन लागतात. हेमसिंग तयार होता, दुसरा शोधायला मी त्यालाच पाठवले. नरेंद्र इथे भाचीच्या लग्नाला आलेला होता. हेमसिंग त्यालाच घेऊन आला. नरेंद्र ओसरीवर चढला नाही, पायरीवर बसला. तुळसाबाईने दिलेले पाणी प्याला.

"हेमसिंगभाऊ म्हणे साक्षीदार भेटून नाई राह्यला. कुठं सई करू?"

"आधी सातवं कलम आयक," मी म्हणालो.

"मले नाई आयकाचं. साक्षीदाराले आतलं माईत असा लागत नाई."

मी तरी वाचले. तुळसाबाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचले. रांगेचे वाचले, चादरीचे वाचले. करमत नाही हे वाक्य गाळावे असे वाटले, पण तेही वाचले. नरेंद्र पूर्ण वेळ निंबाकडे बघत होता. वाचून झाल्यावर त्याने मला नाही, हेमसिंगला विचारले.

"ज्याले जागा देल्ली त्याले साक्षीदार होता येते काय?"

हेमसिंगला माहीत नव्हते. मला माहीत होते. ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, पुढे भानगड होते, असे वकिलांनी बजावले होते.

"दोन्ही नाई जमत," मी म्हणालो. "दोन्हीतलं एक."

"मंग पेन दे."

"घाई कायची हाये, नरेंद्र? साक्षीदार दुसरा भेटते."

"तू जित्ता हायेस आन शुद्धीवर हायेस, येवढं मी लिहून देतो," नरेंद्र म्हणाला. "मेल्यावरचं मले नोको सांगू."

सबब, सातव्या कलमातील जागेची तजवीज रद्द समजावी. जागा व निंब तुळसाबाईकडे राहील. खांद्याची अटही काढून टाकतो. तिरडीची डोक्याकडची बाजू मोकळी सोडता येत नाही, तेव्हा उंचीला जो जुळेल तो माणूस घ्यावा.

येथे मजकूर संपला. यापुढे मी काही जोडणार नाही.

स्थळ: अनसिंग, जिल्हा वाशीम
दिनांक: ९ एप्रिल २०२५, बुधवार

लिहून ठेवणार:
जगदेव संपत काळबांडे (सही)

वरील इसमाने आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर केली. त्या वेळी तो जिवंत व शुद्धीवर होता.

साक्षीदार:

१) हेमसिंग रूपला राठोड, धंदा शेती, राहणार अनसिंग.
लिहून ठेवणाराशी नाते: शेजारी. (सही)

२) नरेंद्र ग्यानबा पडघान, सेवानिवृत्त, राहणार शेलूबाजार.
लिहून ठेवणाराशी नाते: एका दवाखान्यात नोकरीला होतो. (सही)

खाडाखोड: दुसऱ्या साक्षीदाराच्या नात्यापुढे मी आधीच लिहून ठेवलेला "मित्र" हा एक शब्द साक्षीदाराने खोडला आहे. मान्य.
जगदेव संपत काळबांडे (सही)