बादलीतल्या बिजागऱ्या

चिमणे,

तुला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या मी व्हिनेगरच्या बादलीतून बाहेर काढल्यात, रागावू नकोस. आणखी राहिल्या असत्या तर गंजाबरोबर लोखंडही खाल्लं गेलं असतं. खायच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, पुसून गॅलरीत ठेवल्यात. राहिलेला गंज तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढ आणि लगेच तेलाचा हात फिरव, नाहीतर पुन्हा तांबूस होतील. हातमोजे मात्र घाल. तुझ्या बोटांची सालं निघालीत, काल जेवताना दिसलं.

माहेरी आल्यापासून तू त्या खटाऱ्याशिवाय कशातच लक्ष घातलं नाहीस. आम्हीही खोदून विचारलं नाही. पण काल जावईबापूंचा फोन आला आणि तुझ्या हातातला पाना गळून पडला, तेव्हा मला कळायचं ते कळलं.

मी तुझ्या सासरी जातोय, तुझे कपडे आणि सर्टिफिकेटं आणायला. भांडणार नाही. आईचा माझ्या तोंडावर भरवसा नाही, म्हणून मामाला बरोबर घेतलंय. तिकडून फोन आला तर उचलू नकोस, आमचं आम्ही बघतो.

सकाळी दूध आणताना खालच्या काकूंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "लेक किती दिवस आहे?"

मी म्हटलं, "काकू, दिवस पाहुण्यांचे मोजतात. ती घरातली आहे."

बाबा