टिचकी या उपकरणाविषयी आणि माझ्या भावाच्या डोळ्यांविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त नेत्रशल्यचिकित्सक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. हृदय थकले आहे, डोके थकलेले नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी परवा मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एकोणऐंशीपर्यंत पोचल्यावर मी त्यांना सांगितले की तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला आहे, तुम्ही कागद लांब धरता. त्यांनी "बुद्धी शाबूत" असा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. आठ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी सगळ्यांना सगळे नीट वाटून दिले होते आणि एक गोष्ट लपवली होती.

कलम २. माझे राहते घर, तळमजल्यावरच्या दवाखान्याच्या दोन खोल्यांसह, माझ्या धाकट्या भावास मिळावे. त्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणते. तो शाळेत भूमिती शिकवत असे. (हे कलम पुढे बदलले आहे. वकील म्हणाले, कोरी प्रत काढू. मी नको म्हटले. जे जसे घडले तसे दिसू दे. प्रत्येक खाडाखोडीशेजारी मी सही केली आहे.)

कलम ३. शस्त्रक्रियेची हत्यारे, मोतीबिंदूच्या बारीक चिमट्यांसह, माझा दवाखाना पुढे चालवणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना द्यावीत. चिमटे उकळत्या पाण्यात टाकायचे नाहीत, हे त्यांना पुन्हा एकदा सांगावे. त्या हो म्हणतात आणि टाकतात.

माझे एकेकाळचे विभागप्रमुख यांनी माझ्या पहिल्या प्रबंधावर माझ्या नावाआधी स्वतःचे नाव घातले होते. ते वारले. म्हणून ही बाब मी सोडून देते. ते हयात असते तर सोडली नसती.

कलम ४. माझ्या नावावर तीन पेटंटे आहेत. त्यांतली दोन कोणाच्या उपयोगी पडली नाहीत. तिसरे टिचकीचे.

टिचकी म्हणजे डोळ्यातला दाब मोजायचे, जाड पेनाएवढे उपकरण. एक बारीक काडी स्प्रिंगच्या जोराने बुबुळावर अलगद टेकते आणि परत येते. ती किती वेगाने परत येते यावरून दाबाचा आकडा कळतो; साधारण एकवीसच्या आत असला की ठीक. डोळ्यात औषध घालावे लागत नाही, डॉक्टर लागत नाही, वीज लागत नाही. कोणत्याही दूरच्या आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेला अर्ध्या तासात शिकवता येते. मी हे का केले ते एका वाक्यात सांगते. काचबिंदू दुखत नाही. दाब वाढतो, डोळ्याची नस मरत जाते, कडेकडेने दिसेनासे होते आणि मधले तेवढे शेवटपर्यंत राहते. माझ्याकडे येणारी माणसे उशिरा येत. ती लवकर यावीत म्हणून मी नऊ वर्षे या एका वस्तूमागे घालवली. लग्नाचे राहून गेले ते यामुळे नव्हे, पण लोक तसे म्हणतात, म्हणोत.

कलम ५. टिचकीची पहिली स्प्रिंग शेजारच्या गल्लीतल्या घड्याळजींनी केली. भिंगातून पाहत, श्वास रोखून, अशा चाळीस केल्या, तेव्हा एक जमली. पेटंटच्या कागदावर त्यांचे नाव नाही. ते घालायला हवे होते. पहिली टिचकी आणि तिच्या सर्व आराखड्यांच्या मूळ प्रती त्यांना द्याव्यात.

पुढे एका कंपनीने उपकरण बनवायला घेतले आणि स्प्रिंगची तार बदलली. यंत्रावर भराभर वळते अशी तार. मंजुरीच्या कागदावर माझी सही हवी होती. मी घड्याळजींना नवी स्प्रिंग दाखवली. त्यांनी ती बोटांत दाबून पाहिली.

"बाई, स्प्रिंग दमते. हिला दमवून बघा. पाच-सहा हजार वेळा टेकवा आणि मग मोजा."

मी पाचशे वेळा टेकवली आणि सही केली. नेत्रतज्ज्ञांची परिषद तोंडावर आली होती आणि व्यासपीठावर टिचकी हातात धरून उभे राहण्याची मला घाई होती. दुसरे कारण नाही. मी बरेच शोधले.

त्यानंतर सातव्या महिन्यात माझ्या दवाखान्यातल्या सिस्टर माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. बावीस वर्षे त्या माझ्याकडे होत्या.

"बाई, टिचकी खोटं सांगतेय. आपल्या मोठ्या यंत्रावर सव्वीस येतात त्यांना ही सोळा दाखवते."

"टिचकी खोटं सांगत नाही, सिस्टर. तुमचा हात हलतो."

बाहेर बाकांवर रुग्ण बसले होते, दार उघडे होते. त्या काही बोलल्या नाहीत. महिनाअखेर त्यांनी राजीनामा दिला. त्यांचा हात हलत नव्हता. हे मी इथे लेखी देते.

कलम ६. मास्तरचे डोळे मीच तपासत असे. आमच्या वडिलांना काचबिंदू होता, म्हणून दर चार महिन्यांनी मी त्याला बोलावी आणि टिचकी लावी. सतरा, सोळा, सतरा. "जा, घोड्यासारखे डोळे आहेत तुझे," असे म्हणून पाठवी.

त्याच सुमारास तो दाराच्या चौकटींना धडकू लागला. टेबलावरचे पेले सांडू लागला. घरात त्याची थट्टा होई, आणि थट्टेत मी पुढे. वर्गातली टारगट मुले एकेक करून डाव्या बाजूच्या बाकांवर सरकली. तिकडे काहीही केले तरी मास्तरांच्या ध्यानात येत नाही, हे मुलांना माझ्या आधी कळले होते.

एकदा त्याने माझ्यादेखत जिन्याची शेवटची पायरी चुकवली. तेव्हा मी त्याला मोठ्या यंत्रापुढे बसवले. डावा छत्तीस, उजवा एकतीस. लगेच टिचकी लावली. सतरा, सोळा. मी त्याला बाहेर बसायला सांगितले आणि टिचकी खोलून स्प्रिंग काढली. ती बोटांत मऊ लागली.

डावा डोळा गेला होता. उजव्याचे मधले थोडे उरले होते, ते मी शस्त्रक्रिया करून राखले. त्याला सांगितले, तुझा आजार अचानक उसळला. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगतो, "ताई होती म्हणून एवढं तरी राहिलं." माझ्यासमोर सांगतो. आठ वर्षे मी ते ऐकते आहे आणि चहा ओतते आहे.

कलम ७. मी कंपनीला कळवले. मुख्य अभियंते स्वतः आले. म्हणाले, नवी आवृत्ती काढतो आहोत, जुनी उपकरणे विनामूल्य बदलून देऊ, कारण सांगायची गरज नाही. "लोकांचा विश्वास उडाला तर तपासणीच बंद पडेल, डॉक्टर. मग नुकसान जास्त." हे बोलणे मला पटले असे नाही. मला ते सोयीचे वाटले. मी गप्प राहण्याच्या कागदावर सही केली.

एकशे बारा जुनी उपकरणे बदलायला अकरा महिने लागले. तोवर ती चालूच होती. त्यांनी ज्यांना "दाब ठीक आहे" असे सांगितले, त्या माणसांना पुन्हा कोणीही बोलावले नाही. त्यांतली काही आजही ठीक आहोत असे समजून घरी बसली असतील आणि चौकटींना धडकत असतील.

कलम ८. म्हणून माझ्या बँकेतील सर्व ठेवी, तसेच पेटंटपोटी मिळालेले आणि पुढे मिळेल ते सर्व, त्या माणसांना शोधून त्यांचे डोळे मोठ्या यंत्रावर तपासण्यासाठी आणि उपचारांसाठी वापरावे. कोणती उपकरणे कोणत्या केंद्रांत होती त्याची यादी निळ्या फाइलमध्ये आहे. हे काम आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या पूर्वीच्या सिस्टरांनी करावी. मी त्यांना बोलावले आणि त्या आल्या. मला वाटले होते, येणार नाहीत.

कलम ९. ~~कपाटातील बंद पाकीट माझ्या मृत्यूनंतर मास्तरला द्यावे.~~ रद्द.

का रद्द, ते सांगते. सिस्टरांनी हा मसुदा माझ्या जेवणाच्या टेबलापाशी बसून वाचला. इथवर आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मेल्यावर सांगणार तुम्ही त्यांना?"

"जिवंतपणी धीर होत नाही, सिस्टर."

"मग ते रागवणार कोणावर? फोटोवर?"

मी म्हटले, तुम्ही कायमच तिखट बोलता. त्या म्हणाल्या, कायम नाही, मागच्या वेळी मी गप्प बसले होते.

कलम १०. रविवारी दुपारी मी मास्तरकडे गेले. तो मागच्या पडवीत बुटांना पॉलिश करत होता. बूट उजव्या डोळ्यासमोर धरून, एकेक ठिपका पाहत.

"मास्तर, तुझे डोळे माझ्यामुळे गेले."

"काहीतरीच. तू नसतीस तर..."

"मी होते म्हणून गेले."

मग स्प्रिंगपासून सगळे सांगितले. ब्रश त्याच एका बुटावर, त्याच जागी फिरत राहिला.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"आठ वर्षं."

"आणि मी जगाला सांगत फिरलो, ताई होती म्हणून." त्याने बूट खाली ठेवला. "आणखी किती जण?"

"नक्की ठाऊक नाही."

"ठाऊक नाही? आठ वर्षांत तू मोजलंसुद्धा नाहीस?"

मी पॉलिशच्या डबीचे झाकण लावले.

"आमची पोरं अशीच करतात. चार ओळी लिहितात, पुढचं जमत नाही आणि खाली इतिसिद्धम् ठोकून देतात. मी शून्य द्यायचो." आणि मग, "तू जा आता."

तीन दिवस त्याने फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मुलीचा हात धरून आला. माझ्या दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागला. कोणी हसले नाही. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "तुझ्या मरणाची वाट बघायला त्या लोकांना वेळ नाही. पत्रं आज पाठव."

मी पाठवली. आरोग्य खात्याला, नेत्रतज्ज्ञांच्या नियतकालिकाला आणि यादीतल्या प्रत्येक केंद्राला, माझ्या नावाने आणि सहीने. कंपनीच्या वकिलाची नोटीस कालच आली, तीही फाइलमध्ये ठेवली आहे. सिस्टरांनी पहिल्या दोन केंद्रांतून सतरा माणसे बोलावली. सहांचा दाब वाढलेला निघाला. एकाही डोळ्याची नजर अजून पुरती गेलेली नाही.

कलम ११. कलम २ बदलते. मास्तर म्हणाला, "घर मला नको. मला साक्षीदार व्हायचंय." ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले होते, ते त्याने ऐकले होते. मी विचारले, रागावला आहेस ना? "आहे. ते वेगळं," म्हणाला. म्हणून घर माझ्या भाचीस, म्हणजे मास्तरच्या मुलीस, मिळावे. दवाखान्याच्या दोन खोल्या कलम ८ चे काम संपेपर्यंत सिस्टरांकडे राहाव्यात. मास्तरला मी काहीही देत नाही.

वरील मजकूर मी शुद्धीत आणि स्वखुशीने लिहिला आहे. स्वखुशीने हा शब्द वकिलांचा आहे. मी राजीखुशीत नव्हते, पण लिहिले मीच.

ठिकाण: माझे राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी साडेदहा

सही: मृत्युपत्र करणारी, नेत्रशल्यचिकित्सक

साक्षीदार पहिले: हृदयाचे डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. चष्मा बदलला आहे.

साक्षीदार दुसरे: मृत्युपत्र करणारीचा भाऊ, निवृत्त भूमिती शिक्षक. साक्षीदाराला सही होताना दिसायला हवी, तुम्हाला दिसेल का, असे वकिलांनी विचारले. मला मधले बटणाएवढे दिसते. एका वेळी एक अक्षर मावते. म्हणून तिला सावकाश लिहायला सांगितले आणि पेनाच्या टोकाशी डोळा नेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पाहिले. हात कापत होता. सही तिचीच आहे. ही माझी सही साक्षीची आहे, माफीची नाही. माफीचे आमचे आम्ही बघू, ती आहे तोवर.